नव्या घरात वीज आणि गॅस आपल्या नावावर : काय तपासावे, कोठे जावे, काय मागावे

घर बदलले की पहिले पंधरा दिवस सामान लावण्यात जातात. बटण दाबले की दिवा लागतो, शेगडी पेटते, म्हणून वीज आणि गॅस हे विषय मागे पडतात. मीटर आधीच्या मालकाच्या नावावर, टाकी शेजारच्यांच्या कार्डावरची, असे वर्ष-दोन वर्षे सहज निघतात. मग मुलीचा शाळाप्रवेश येतो, आधारवरचा पत्ता बदलायचा असतो, किंवा तुमच्याकडे जुनी थकबाकी आहे, भरा नाहीतर लाईट तोडतो, असे सांगत वायरमन दारात उभा राहतो आणि धावपळ सुरू होते. वस्त्यांमध्ये आणि पुनर्वसनाच्या इमारतींमध्ये काम करताना आमच्याकडे येणाऱ्या चौकशांमध्ये असे उशिरा जागे झालेले प्रश्न फार असतात.

घरात लाईट असणे आणि मीटर आपल्या नावावर असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आम्ही प्रत्येक कुटुंबाला आधी सांगतो. शाळा, बँक, रेशन, गॅस अपघाताचा विमा, शासकीय योजना हे सगळे दिव्याकडे पाहत नाहीत, कागदाकडे पाहतात. आपल्यापैकी अनेक घरांत शहरात पक्क्या भिंतीत राहायला जाणारी ही पहिलीच पिढी आहे. हे कागद कसे करतात ते सांगायला घरात कोणी वडीलधारे नसते. म्हणून महाराष्ट्रातील नियमांप्रमाणे ही माहिती सविस्तर देत आहोत.

किल्ली हातात घेण्यापूर्वी

घर विकत घेत असा, भाड्याने घेत असा किंवा लॉटरीत लागलेले असो, आधीच्या माणसाकडून शेवटचे वीजबिल मागून घ्या. झेरॉक्स चालेल, मोबाईलवरचा फोटोही चालेल. महावितरणच्या बिलावर बारा अंकी ग्राहक क्रमांक असतो. तो हातात असला की कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर थकबाकी पाहता येते. मालकाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. “सगळं क्लिअर आहे” असे सांगणाऱ्याला बिल दाखवायला अडचण का यावी?

आपल्या भागात वीज कोण देते तेही पाहा. राज्याच्या बहुतेक भागात महावितरण आहे. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी इलेक्ट्रिसिटी, शिवाय टाटा पॉवर. पण मुलुंड-भांडुपकडे महावितरणच. भिवंडीत आणि मुंब्रा-शीळ-कळवा भागात महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर काम पाहते, त्यामुळे तिथे अर्ज आणि तक्रार टोरंटच्या कार्यालयात करावी लागते. चुकीच्या कार्यालयाच्या रांगेत अर्धा दिवस घालवून परत आलेली माणसे आम्ही पाहिली आहेत. त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून हे आधी सांगितले.

ताबा घेतला त्याच दिवशी मीटरचा फोटो काढा. फोटोत मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसले पाहिजेत. ताबापत्रात किंवा भाडेकरारात तो आकडा लिहून घेतला तर उत्तम. पुढे “हे युनिट तुमचे की आमचे” हा वाद उभा राहिला की हा एक फोटो पुरतो.

आणखी एक तपासणी आवर्जून करा. मोठ्या इमारतीत सगळी मीटर तळमजल्यावर एका खोलीत ओळीने असतात आणि कोणत्या मीटरची वायर कोणत्या घरात गेली आहे यात गोंधळ झालेला असतो. घरातला मेन स्विच बंद करा आणि कोणाला तरी मीटरपाशी उभे करा. वीज वापरली जात असताना इलेक्ट्रॉनिक मीटरवरचा छोटा लाल दिवा लुकलुकतो. मेन स्विच बंद केल्यावर तुमच्या मीटरचे लुकलुकणे थांबायला हवे. ते थांबले नाही तर तुमच्या मीटरवर दुसऱ्या कोणाची वायर आहे, किंवा कुठेतरी वीज गळते आहे, किंवा ते मीटर तुमचे नाहीच. ३०२ चे बिल ३०३ भरतो असे प्रकार वर्षानुवर्षे चाललेले असतात. दोन्ही घरांचा वापर सारखा असेल तर कोणाला पत्ताही लागत नाही.

जुनी थकबाकी कोणाची?

यात सर्वाधिक घबराट असते, आणि तिचाच फायदा घेऊन लोकांकडून पैसे काढले जातात. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या २०२१ च्या वीजपुरवठा संहितेप्रमाणे आधीच्या मालकाची किंवा राहणाऱ्याची थकबाकी त्या जागेवरचा बोजा मानली जाते आणि नव्या मालकाकडून किंवा राहणाऱ्याकडून ती वसूल करता येते. म्हणजे “ती आमची नाही” एवढे म्हणून सुटका होत नाही. पण त्याच नियमात मर्यादाही आहे. वारसाहक्काने जोडणी आलेली नसेल तर नव्या माणसावर येणारी जबाबदारी जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या थकबाकीपुरती असते. तीन वर्षांची रक्कम एकदम तुमच्या माथी मारली जात असेल तर हा नियम लिहून अर्ज द्या आणि पोच घ्या. वडिलांच्या नावावरचे मीटर मुलाच्या नावावर होत असेल तर मात्र ही सवलत लागू नाही.

वीज कायदा २००३ चे कलम ५६ प्रत्येक घराने माहीत करून घ्यावे. बिल थकले तरी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी धमकी म्हणजे नोटीस नव्हे. बिलाबद्दल वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरी बिलाप्रमाणे येणारी रक्कम, यातली जी कमी ती निषेध नोंदवून भरता येते आणि वाद मिटेपर्यंत जोडणी तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वी देय झालेली रक्कम मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल तर ती नंतर उकरून काढता येत नाही. या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा.

नाव बदलणे

घर विकत घेतले असेल तर काम सोपे आहे. नाव बदलाचा अर्ज, मालकीचा कागद (खरेदीखत, वाटपपत्र किंवा सोसायटीचे भाग प्रमाणपत्र), ओळखपत्र, शेवटचे भरलेले बिल आणि आधीच्या ग्राहकाची संमती एवढे साधारणपणे लागते. संमती देणारा माणूस हयात नसेल किंवा सापडत नसेल तर काम अडत नाही. मालकीचा पुरावा जोडून हमीपत्रावर अर्ज करता येतो. अर्ज ऑनलाइनही होतो. ऑनलाइन केला तरी अर्ज क्रमांकाचा फोटो काढून ठेवा.

गल्लीत कोणीतरी “मीटर नावावर करून देतो, दोन-तीन हजार लागतील” असे म्हणणारा असतोच. नाव बदलाचे अधिकृत शुल्क त्यापेक्षा बरेच कमी असते. पावतीशिवाय एक रुपयाही देऊ नये. ज्यांना लिहिता-वाचता येते ते सुद्धा एजंटकडे जातात, कारण कार्यालयातल्या खिडकीची भीती वाटते. ती भीती एकदा जाऊन आल्यावरच जाते. शक्यतो घरातल्या मुलीला किंवा सुनेला सोबत न्या, पुढच्या वेळी ती एकटी जाईल.

सुरक्षा ठेव, म्हणजे डिपॉझिट, याकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. दरमहा बिल येणाऱ्या घराला साधारण दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी ठेव ठेवावी लागते. वापर वाढला तर वर्षातून एकदा वाढीव ठेवीचे वेगळे बिल येते. लोक ते बोगस समजून फाडून टाकतात, पण ते खरे असते. या ठेवीवर कंपनीला व्याज द्यावे लागते आणि ते बिलात वळते होते. घर सोडताना ठेव परत मागता येते. घर विकत घेताना विकणाऱ्याची ठेव तुमच्या नावावर वर्ग होणार की तुम्ही नवी भरणार, हे व्यवहाराच्या वेळीच ठरवा.

भाड्याने राहत असाल तर

भाड्याच्या घरात मीटर मालकाच्या नावावरच राहते आणि भाडेकरू बिल भरतो, ही सर्वसाधारण पद्धत आहे. वीज कायद्याच्या कलम ४३ मध्ये मात्र जागेचा मालक किंवा जागा ताब्यात असलेला, या दोघांनाही वीज मागण्याचा हक्क आहे. व्यवहारात मालकाचा ना हरकत दाखला मागितला जातो आणि मालक तो सहज देत नाहीत.

म्हणून भाडेकरूसाठी खरा कागद म्हणजे नोंदणीकृत भाडेकरार. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि तो करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर नोटरी करून दिलेला कागद बऱ्याच ठिकाणी चालत नाही. आरटीई च्या २५ टक्के प्रवेशात राहण्याचा पुरावा म्हणून स्वतःच्या घराचे वीजबिल चालते, पण भाड्याच्या घरासाठी नोंदणीकृत करारच लागतो. अनुसूचित जातीच्या मुलांना त्या प्रवेशात उत्पन्नाची अट नाही. तरीही केवळ कराराचा कागद नाही म्हणून अर्ज बाद झालेली मुले दर वर्षी असतात. आडनाव ऐकून घर नाकारणारे मालक अजून आहेत. त्यामुळे मिळालेले घर हातचे जाईल या भीतीने कोणी कराराचा आग्रह धरत नाही. नोंदणीचा खर्च अर्धा-अर्धा करू, असा प्रस्ताव भाडेकरूने स्वतः ठेवला तर बरेच मालक तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

पोटमीटर लावून युनिटला मनमानी दर घेणारे घरमालक सर्व शहरांत आहेत. एका मीटरवर पाच खोल्या असल्या की सगळ्यांचा वापर एकत्र होऊन वरच्या टप्प्याचा दर लागतो, हे खरे. घरगुती दर १०० युनिटपर्यंत सर्वांत कमी असतो, पुढे ३०० पर्यंत, ५०० पर्यंत आणि त्यावर असे टप्पे चढत जातात. पण मूळ बिल दाखवा आणि त्याप्रमाणे वाटणी करा, एवढे मागण्याचा भाडेकरूला अधिकार आहे. भाड्यावरून वाद झाला म्हणून भाडेकरूची वीज किंवा पाणी बंद करणे हे त्याच १९९९ च्या कायद्याच्या कलम २९ ने मना केलेले आहे.

मीटरच नसेल तर : नवी जोडणी

पुनर्वसनाच्या काही इमारतींत कुटुंबे राहायला येतात तेव्हा वैयक्तिक मीटर बसलेली नसतात. बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरून वीज दिलेली असते. ती महाग असते आणि बिल्डर गेला की अडचण होते. अशा वेळी एकेकट्याने भांडण्यापेक्षा सोसायटीने सर्व सदनिकांचे अर्ज एकत्र द्यावेत.

महावितरणकडे नव्या जोडणीसाठी ए-१ अर्ज असतो. सोबत ओळखपत्र, जागेच्या ताब्याचा किंवा मालकीचा पुरावा आणि परवानाधारक वीज ठेकेदाराचा चाचणी अहवाल लागतो. अर्ज पूर्ण असेल आणि नवे खांब किंवा रोहित्र उभारण्याची गरज नसेल, तर केंद्राच्या २०२४ च्या सुधारित नियमांप्रमाणे महानगरात ३ दिवसांत, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवसांत आणि ग्रामीण भागात १५ दिवसांत जोडणी मिळायला हवी. त्यामुळे अर्जाची तारीख असलेली पोच फार महत्त्वाची आहे, दिवस तिथून मोजले जातात.

इथे एका योजनेची नोंद करणे आवश्यक आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवनप्रकाश योजना २०२१ साली १४ एप्रिलला सुरू झाली. अनुसूचित जाती-जमातींच्या कुटुंबांना घरगुती जोडणीसाठी ५०० रुपये अनामत, तीही पाच मासिक हप्त्यांत भरण्याची सोय, असे तिचे स्वरूप होते. सक्षम अधिकाऱ्याचे जात प्रमाणपत्र आणि त्या जागेवर आधीची थकबाकी नसणे या मुख्य अटी. अशा योजनांना मुदत असते आणि ती वाढवलीही जाते, म्हणून उपविभागीय कार्यालयात चालू मुदत विचारून मगच पूर्ण रकमेचा अर्ज करावा. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि वीज हा विषय त्यांच्याकडे होता, हे आपल्यातल्याही अनेकांना ठाऊक नसते. योजनेला त्यांचे नाव केवळ जयंतीचा मुहूर्त म्हणून आलेले नाही.

घरी शिवणकाम, पापड-मसाले असे काही चालवणाऱ्या भगिनींसाठी एक गोष्ट. राहत्या घराच्या एका भागात छोटा व्यवसाय असेल, आणि महिन्याचा वापर ३०० युनिटपर्यंत व मागच्या आर्थिक वर्षाचा ३,६०० युनिटपर्यंत असेल, तर महावितरणच्या दरपत्रकात तो घरगुतीच धरला जातो. “मशीन आहे, कमर्शियल लागेल” असे कोणी म्हणाले तर हे दाखवा. त्यापलीकडे वापर जात असेल तर मात्र स्वतःहून वर्गवारी बदलून घ्या. अनधिकृत वापर म्हणून दुप्पट दराने आकारणी करण्याची तरतूद कलम १२६ मध्ये आहे.

पहिले बिल आले की नाव आणि पत्ता नीट वाचा. एका अक्षराची चूक पुढे आधारशी जुळत नाही. मग मागील आणि चालू रीडिंग तुमच्या मीटरशी ताडून पाहा. रीडिंगच्या जागी आकडा नसून शेरा असेल तर बिल सरासरीने काढलेले आहे. एक महिना ठीक, सलग दोन-तीन महिने तसेच आले तर लेखी कळवा, नाहीतर साठलेले युनिट एकदम येतात.

तक्रार प्रथम १९१२ या क्रमांकावर नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. मग स्थानिक कार्यालयात लेखी द्यावी. दाद मिळाली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, आणि मंचाचा निर्णय मान्य नसेल तर विद्युत लोकपाल. लोकपाल राज्यात दोन आहेत, मुंबईला आणि नागपूरला. मंचाकडे जायला वकील लागत नाही. साध्या मराठीत तारीखवार लिहिलेला अर्ज पुरतो.

गॅस : टाकी कोणाच्या नावावर?

गॅसच्या बाबतीत नावाबरोबर पत्ताही तितकाच महत्त्वाचा आहे, आणि याचे कारण फार थोड्या लोकांना माहीत असते. इंडेन, भारत गॅस आणि एचपी या तिन्हींच्या ग्राहकांसाठी कंपन्यांनी सार्वजनिक दायित्व विमा काढलेला असतो, त्याचा हप्ता ग्राहकाला वेगळा भरावा लागत नाही. सिलेंडरच्या अपघातात मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख रुपये, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत अशी तरतूद आहे. घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत मिळू शकतात, पण ते नोंदणीकृत पत्त्यावर अपघात झाला तरच. टाकी सासऱ्यांच्या नावावर जुन्या वस्तीतल्या पत्त्यावर आणि घर जळाले नव्या इमारतीत, तर दावा कोणत्या पत्त्यावर करणार?

त्याच शहरात किंवा लगतच्या भागात घर बदलले असेल तर टाकी आणि रेग्युलेटर परत करावे लागत नाहीत. एजन्सीकडून किंवा ऑनलाइन हस्तांतरणाची सूचना घ्यायची, नव्या भागातल्या एजन्सीकडे नाव लावायचे. दुसऱ्या गावी जात असाल तर टाकी आणि रेग्युलेटर जमा करून टर्मिनेशन व्हाउचर घ्यावे लागते. जुनी अनामत परत मिळते आणि नव्या ठिकाणी चालू दराने अनामत भरावी लागते. १६ जून २०२२ पासून १४.२ किलोच्या एका टाकीची अनामत २,२०० रुपये आणि रेग्युलेटरची २५० रुपये झाली. वीस वर्षांपूर्वी भरलेली अनामत त्या वेळच्या दरानेच परत येते, हे लक्षात घेऊन पैशाची तयारी ठेवा. मूळ सब्स्क्रिप्शन व्हाउचर, म्हणजे जोडणी घेताना मिळालेला कागद, शोधून ठेवा. निळे पुस्तक म्हणजे तो कागद नव्हे.

नवी जोडणी घेताना ती घरातील बाईच्या नावावर घ्यावी, असे आम्ही आग्रहाने सांगतो. उज्ज्वला योजनेत जोडणी महिलेच्याच नावाने मिळते आणि पात्रतेत अनुसूचित जातींची कुटुंबे येतात. राज्याने २०२४ मध्ये वर्षाला तीन टाक्या मोफत देणारी मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना आणली, तेव्हा जोडणी महिलेच्या नावावर असणे ही अट होती. नवऱ्याच्या नावावर कार्ड असलेल्या कित्येक घरांना तेव्हा नाव बदलण्यासाठी एजन्सीत गर्दी करावी लागली. पती वारले असतील तर मृत्यू दाखला आणि इतर वारसांची संमती देऊन पत्नीच्या नावावर जोडणी करता येते. ती वर्षानुवर्षे मयताच्या नावावर चालवू नये.

पत्त्याचा पुरावा नाही म्हणून गॅस नाही, असे सांगून परत पाठवले असेल तर दोन मार्ग आहेत. स्थलांतरित कुटुंबांना उज्ज्वलाच्या दुसऱ्या टप्प्यात, ऑगस्ट २०२१ पासून, स्वयंघोषणापत्रावर अर्ज करता येतो. आणि ५ किलोची छोटी टाकी, जिला इंडेनने ‘छोटू’ नाव दिले, ती केवळ ओळखपत्रावर मिळते. ती किलोमागे महाग पडते, पण नाक्यावर भरून मिळणाऱ्या बेकायदा छोट्या टाक्यांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. खोलीवर राहून शिकणाऱ्या आपल्या मुला-मुलींनी तीच घ्यावी.

एजन्सीने शेगडी, चहा-पावडर किंवा आणखी काही घेण्याची सक्ती केली तर नकार द्या. शेगडी बाहेरची असेल तर एजन्सी तपासणी शुल्क घेऊ शकते, तेवढेच. पावतीवरच्या किमतीत घरपोच देण्याचा खर्च धरलेला असतो. टाकी घेताना सील पाहा, वजन करून मागा. टाकीवर रिकाम्या टाकीचे वजन लिहिलेले असते, त्यात १४.२ मिळवायचे. वरच्या कड्याच्या पट्टीवर इंग्रजी ए ते डी पैकी एक अक्षर आणि वर्ष असते. ए म्हणजे मार्चअखेर, बी जून, सी सप्टेंबर, डी डिसेंबर. ती तारीख उलटून गेलेली टाकी चाचणीची मुदत संपलेली असते, परत पाठवा. नळी पाच वर्षांनी बदला. वास आला तर दिव्याचे बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, रेग्युलेटर बंद करा, खिडक्या उघडा आणि बाहेर येऊन १९०६ वर फोन करा. हा क्रमांक रात्रंदिवस चालतो. स्वयंपाकघरात नव्हे, बाहेरच्या दारामागे लिहून ठेवा.

पाइपचा गॅस असलेल्या इमारतीत घर घेतले तर काम वीजबिलासारखेच आहे. मुंबई-ठाण्यात महानगर गॅस, पुण्यात एमएनजीएल. आधीच्या मालकाचे शेवटचे बिल, मीटरचा फोटो, मालकीचा कागद आणि सोसायटीचा ना हरकत दाखला घेऊन नाव बदला. महानगर गॅसचे बिल दोन महिन्यांनी येते, त्यामुळे थकबाकी उशिरा कळते. पाइपचा गॅस सुरू झाल्यावर टाकीची जोडणी जमा करावी लागते. ती गावी पाठवून देण्याचा मोह होतो, पण जमा करून अनामत घेतलेली बरी.

जुन्या घराचे काय?

सोडलेल्या घराच्या मीटरचे शेवटचे रीडिंग घ्या, अंतिम बिल भरा आणि आपल्या नावावरची जोडणी असेल तर बंद करण्याचा किंवा नाव काढण्याचा अर्ज द्या. नाहीतर नंतर राहायला आलेल्याची थकबाकी तुमच्या नावाने फिरत राहते.

वस्तीतून इमारतीत आलेल्यांनी मात्र जुनी वीजबिले अजिबात टाकू नयेत. वीजबिल मालकी सिद्ध करत नाही, पण त्या तारखेला तुम्ही तिथे राहत होता हे दाखवते. झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० पूर्वीचे वास्तव्य, आणि सशुल्क घरासाठी १ जानेवारी २०११ पूर्वीचे, हे पुराव्याने दाखवावे लागते. त्या पुराव्यांत वीजबिल महत्त्वाचे आहे. ज्या नातेवाइकांची पात्रता अजून ठरायची आहे त्यांच्याकडची बिले पत्र्याच्या पेटीत भिजून जातात. पुढच्या वेळी त्यांच्याकडे जाल तेव्हा ती बाहेर काढून प्लास्टिकच्या फाइलमध्ये लावून द्या, आणि मोबाईलवर फोटो काढून घरातल्या दोघा-तिघांकडे पाठवून ठेवा.